सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे जमीन आपली झाली का? कोर्टकचेरीचे शब्द आधी समजून घ्या

नळदुर्ग आणि अणदूर या शेजारच्या दोन गावांत खंडोबाची देवळे दोन आहेत, पण मूर्ती एकच. वर्षातले सुमारे सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा भरते ती नळदुर्गला. देव एका गावातून दुसऱ्या गावात नेताना दोन्हीकडचे मानकरी एकत्र बसतात आणि तसा लेखी करार करतात. ही रीत जुनी आहे आणि आजही पाळली जाते.

कोर्टकचेरीत माणसाला सगळ्यात जास्त अडकवणारे तीन शब्द या एका रीतीत सापडतात. देव नळदुर्गला असतो तेव्हा मूर्तीचा ताबा नळदुर्गकरांकडे असतो. ताबा आला म्हणून मालकी येत नाही. आणि ताब्याला मुदत असते. ताबा, मालकी, मुदत. दोन गावांना हा फरक न सांगता कळतो. मात्र तोच फरक शेताच्या बांधावर, घराच्या जागेत किंवा बहिणीच्या वाट्यात आला की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. गोंधळ नुसता शब्दांचा असता तर चालले असते. पण कायद्यातल्या बहुतेक शब्दांना दिवसांची गाठ मारलेली असते. शब्द कळेपर्यंत दिवस संपतात आणि मग खरी बाजू असूनही माणूस मागे पडतो.

शब्द इतके अवघड का वाटतात?

नळदुर्गच्या कागदांवर तीन राजवटींचे थर आहेत. हा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यातला. १८५३ च्या तहानंतर काही वर्षे तो इंग्रजांच्या कारभारात गेला आणि १८६० मध्ये निजामाकडे परत आला. एके काळी नळदुर्ग हेच जिल्ह्याचे ठिकाण होते, ते १९०४ मध्ये धाराशिवला हलले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने आलेल्या भारतीय सैन्याने बोरी नदीवरचा पूल आणि नळदुर्ग ताब्यात घेतले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

राजवटी बदलल्या, कागद तेच राहिले. म्हणून इथल्या जुन्या दप्तरात खासरा पाहणी, सेतवार, मदतमाश असे शब्द भेटतात. पुण्या-साताऱ्याच्या शेतकऱ्याला ते सहसा ऐकायलाही मिळत नाहीत. फिर्याद, जामीन, वारस, जप्ती, हुकूम, वकील हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि घरचे होऊन गेले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी फिर्याद काही हटली नाही. त्यावर दुसरा थर चढला तो राज्य स्थापनेनंतरच्या शासकीय मराठीचा: प्रतिज्ञापत्र, दोषारोपपत्र, पुनर्विलोकन. तिसरा थर इंग्रजीचा: स्टे, बेल, समन्स, एफआयआर. एकाच खटल्यात वकील म्हणतो ‘स्टे मिळाला’, आदेशात लिहिलेले असते ‘स्थगिती’ आणि गावात सांगितले जाते ‘हुकूम आला’. तिघे एकाच गोष्टीविषयी बोलत असतात, पण पक्षकाराला वाटते की तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या.

काही साधे शब्द तर आणखी फसवे आहेत. ‘वाद’ म्हणजे बोलण्यात भांडण, कोर्टात मात्र दाखल केलेला दावा. ‘काही हरकत नाही’ असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. चावडीवर हरकत घ्यावीच लागते, तीही लेखी आणि पोच घेऊन.

सातबारा: हक्काचा आरसा, हक्क नव्हे

गावनमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावे आणि कोणत्या अटींवर आहे याची नोंद. गावनमुना बारा म्हणजे त्यात पीक काय आहे याची नोंद. दोन्ही एका कागदावर आले आणि सातबारा झाला. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दाखवतो तो आठ अ.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द महत्त्वाचे. महसुली नोंद ही मुख्यतः सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी असते, तिने मालकी तयार होत नाही आणि जातही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखत, वारसा, वाटणी, बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा यांतून. सातबारा त्याचा आरसा आहे. आरशात चेहरा चुकीचा दिसला तर चेहरा बदलत नाही, पण बँक, तहसील आणि भूसंपादन अधिकारी आरशाकडेच बघतात, ही खरी अडचण.

ती किती मोठी होऊ शकते, हे सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या गावांना सांगावे लागणार नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाते तेव्हा सक्षम अधिकारी किती मोबदला द्यायचा ते ठरवणारा ‘निवाडा’ करतो. निवाडा म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. रक्कम कमी वाटली तर ‘लवादा’कडे जाता येते. पण पैसे कुणी किती वाटून घ्यायचे, यावर घरातच तंटा असेल तर प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवले जाते. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली आणि वारसांची नोंदच केलेली नसेल, तर रस्ता तयार होऊन गाड्या पळू लागतात आणि मोबदला अडकून राहतो.

सातबाऱ्याच्या वरच्या भागात ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘वर्ग २’ असे लिहिलेले असते. वर्ग एक म्हणजे जमीन विकायला सर्वसाधारणपणे सरकारची परवानगी लागत नाही. वर्ग दोन म्हणजे हस्तांतरणावर बंधन आहे. मराठवाड्यात हा दोनाचा आकडा बहुतेक वेळा जुन्या इतिहासातून आलेला असतो. निजामाच्या काळात चरितार्थासाठी दिलेली जमीन म्हणजे मदतमाश, तर देवस्थानाची किंवा मशिदीची सेवा करण्यासाठी दिलेली ती खिदमतमाश. हैदराबाद राज्याने १९५४ मध्ये इनामे रद्द करण्याचा कायदा केला, पण अटी मागे राहिल्या. मदतमाश जमिनी वर्ग एक करून घेताना सरकारला जी रक्कम भरावी लागते ती ‘नजराणा’. ती बरीच खाली आणण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. देवस्थानाच्या जमिनीची गोष्ट वेगळी. कायदा देवाला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करू शकणारी ‘कायदेशीर व्यक्ती’ मानतो. पुजारी त्या जमिनीचा मालक नसतो, सांभाळणारा असतो. मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

खाली ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. जमीन घेणारा बहुधा क्षेत्र आणि नाव बघतो आणि हा रकाना सोडून देतो. बँकेचा बोजा, विहिरीतला वाटा, कुळाचे नाव, न्यायप्रविष्ट दाव्याची नोंद असे सगळे तिथे असू शकते. ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कायद्याने कसणारा. मराठवाड्यात त्यासाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे. त्यात ‘संरक्षित कुळा’ला मालकीपर्यंतचे हक्क मिळाले. म्हणून इतर हक्कात कुळाचे नाव दिसले की व्यवहार तिथेच थांबवून जुना फेरफार काढून बघावा.

आणि हो, मोबाइलवर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो. कामाला चालतो तो डिजिटल स्वाक्षरीचा. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो.

फेरफार: पंधरा दिवसांचा शब्द

सातबाऱ्यावरचा प्रत्येक बदल आधी फेरफाराच्या वहीत येतो. खरेदी, वारस, वाटणी, बोजा काहीही असो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नोंद घेतात आणि हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस काढतात. नोटिशीपासून १५ दिवसांत हरकत घ्यायची असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद ‘प्रमाणित’ करतात.

पुण्यात किंवा हैदराबादला कामाला गेलेल्या माणसाच्या घरी ही नोटीस येते. म्हातारी आई सही करून घेते आणि कागद देवळीत ठेवते. दिवाळीला मुलगा येतो तेव्हा नोंद प्रमाणित होऊन गेलेली असते. तरीही सगळे संपत नाही. प्रमाणित नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते. ६० दिवसही गेले असतील तर अपिलासोबत ‘विलंब माफी’चा अर्ज जोडतात आणि उशीर का झाला ते कारणासह सांगतात. माफी मिळेलच असे नाही. पण अर्ज न करता नुसते तलाठ्याच्या फेऱ्या मारणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जमिनीचा खरा मालक कोण, हे तहसीलदार ठरवत नाहीत. ते नोंद बरोबर की चूक एवढे बघतात. मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा. कितीतरी लोक तहसील, प्रांत, अपर जिल्हाधिकारी असे जिने चढत दहा वर्षे घालवतात आणि शेवटी तिथे लिहून मिळते की दिवाणी न्यायालयात दाद मागावी.

बहिणीची सही

समजा, वडील गेले. तीन भाऊ, दोन बहिणी. पाचही नावे वारस म्हणून लागली. मग एक दिवस दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे ठरते. बहिणींना सांगितले जाते, ‘फक्त सही करायची आहे, नावे कमी करायला.’ त्या कागदाचे नाव असते हक्कसोडपत्र. आपला हिस्सा सहहिस्सेदाराच्या नावे कायमचा सोडला, असा त्याचा अर्थ. स्थावर मालमत्तेबाबत तो नोंदणीकृतच लागतो आणि एकदा नोंदला की ‘मला वाटले नुसती सही’ हे कारण सहजी चालत नाही. फसवणूक झाली असेल तर दिवाणी दावा लावून ती सिद्ध करावी लागते.

हक्क सोडावा की नाही, हा ज्या त्या बहिणीचा प्रश्न. माहेरच्या चोळीबांगडीचा हिशेब कायद्यात नसतो. पण सोडतो ते काय, हे तिला माहीत हवे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र त्याने मोडत नाहीत.

हक्कसोडपत्र आणि वाटणीपत्र यांतही फरक आहे. वाटणीत प्रत्येकाला काही ना काही मिळते, हक्कसोडीत सोडणाऱ्याच्या हाती जमीन उरत नाही. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडूनही शेतजमिनीचे वाटप करून घेता येते.

याच घरात दुसरा घोळ होतो तो ‘नॉमिनी’चा. बँकेच्या खात्यावर थोरल्याचे नाव नॉमिनी म्हणून असते, म्हणून पैसे त्याचेच असे धरले जाते. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा, वारस हा पैशांचा हक्कदार. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले.

इसार दिला, घर बांधले, आणि मग?

नळदुर्गसारख्या वाढत्या गावात प्लॉटचे व्यवहार बहुधा विश्वासावर सुरू होतात. आधी इसार, मग साठेखत, मग ‘सवडीने’ खरेदीखत. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखताने. शंभराच्या किंवा पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीसमोर लिहिलेला कागद दिसायला कितीही भारी असला, तरी त्याने प्लॉट नावावर होत नाही. नोटरी सही खरी असल्याचे सांगतो, व्यवहार नोंदवत नाही. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’लाही मालकीचे मोल नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निक्षून सांगितले.

विकणाऱ्याने साठेखत करून हात वर केले तर ‘करारपूर्ती’चा दावा लावता येतो. त्याला मुदत तीन वर्षांची. करारात खरेदीखताची तारीख लिहिलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. म्हणून साठेखतात तारीख काय लिहिली, हे किमतीइतकेच बारकाईने वाचावे.

ठाण्यात काय लिहून घेतले?

‘पोलिसांत तक्रार केली’ हे वाक्य दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरले जाते. गुन्हा दखलपात्र असेल तर प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवला जातो आणि पोलिस थेट तपास करू शकतात. गुन्हा अदखलपात्र असेल तर ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात ती नोंद होते. एनसीवर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. माणूस एनसीचा कागद घडी करून खिशात ठेवतो आणि महिनोन्‌महिने तपासाची वाट बघतो, हे प्रत्येक ठाण्यात दिसणारे चित्र. कागद हातात पडला की तो एफआयआर आहे की एनसी, एवढे तिथेच विचारावे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. कलमांचे आकडे बदलले. ४२० आता ३१८ मध्ये गेले आणि खुनाचे ३०२ हे १०३ झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनेच दंडविधान लागू राहते. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन खटल्यांच्या कागदांवर दोन वेगळे कायदे दिसले तर घाबरायचे कारण नाही.

महामार्गावरच्या गावाला नव्या कायद्यातली एक तरतूद विशेष उपयोगी आहे. हैदराबादहून येणाऱ्या बसमध्ये बॅग चोरीला गेली, कळले नळदुर्गला उतरल्यावर. चोरी उमरग्याजवळ झाली की कर्नाटकात, कोण सांगणार? अशा वेळी ‘आमची हद्द नाही’ म्हणून ठाण्याला परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकारच दिला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांना पाठवावी. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांचा मार्ग असतो.

‘आरोपी’ म्हणजे दोषी नव्हे. ‘जामीन’ मिळाला म्हणजे सुटका झाली असेही नव्हे, खटला उभाच असतो. ‘दोषारोपपत्र’ पोलिस दाखल करतात, ‘आरोपनिश्चिती’ न्यायालय करते आणि शिक्षा त्यानंतर साक्षीपुरावा होऊन झालीच तर. अपघातानंतर रस्त्यावर होणाऱ्या ‘पंचनाम्या’वर पंच म्हणून सही करणाऱ्याला पुढे साक्षीला बोलावले जाऊ शकते. तेव्हा कागद वाचून, जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले आहे ना, हे बघूनच सही करावी. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

कोर्टाचा लखोटा परत पाठवू नका

गावात एक जुना सल्ला फिरतो: पोस्टमनने कोर्टाचा लखोटा आणला तर घ्यायचाच नाही, म्हणजे दावा चालत नाही. हा सल्ला देणाऱ्याने अनेकांची घरे बुडवली असतील. लखोटा घ्यायला नकार दिला आणि तसा शेरा पडला की कायद्याने तो मिळाल्यासारखाच धरला जातो. दावा चालतो, फक्त तुमच्याशिवाय. त्यातून निघतो तो ‘एकतर्फी हुकूमनामा’.

आधी कागद कुणाचा ते बघावे. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. समोरच्याचे म्हणणे वकिलाने कळवलेले असते. तिला उत्तर द्यावे, पण धास्ती घेऊ नये. ‘समन्स’ मात्र कोर्टाचे असते आणि त्यावर हजर राहण्याची तारीख असते. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत ‘कैफियत’, म्हणजे आपले लेखी म्हणणे, द्यायचे असते. कारण पटले तर न्यायालय ९० दिवसांपर्यंत मुभा देते. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर मिळालेच नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

‘तारीख’ आणि ‘मुदत’ यांची गल्लत इथेच होते. तारीख पुढे ढकलली जाते. मुदत आपोआप पुढे जात नाही. पैशाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत, मालकीच्या आधारे स्थावराचा ताबा परत मिळवण्याचा दावा बारा वर्षांत. जिंकलेला हुकूमनामा अमलात आणण्याची ‘दरखास्त’ही बारा वर्षांत करावी लागते. निकाल लागला म्हणजे शेत हातात आले असे समजून गप्प बसलेले लोक कमी नाहीत. निकाल कागदावर असतो, दरखास्त त्याला बांधापर्यंत नेते.

दावा चालू असताना मिळते ती ‘तात्पुरती मनाई’. समोरच्याने अमुक गोष्ट करू नये, एवढेच त्यात असते. ‘जैसे थे’चा आदेश त्याहून नाजूक. आज जशी स्थिती आहे तशीच ठेवा, असा त्याचा अर्थ. मग आज ताबा कुणाचा होता, यावरच नवे भांडण सुरू होते. म्हणून अशा वेळी पीक, कुंपण, वीजबिल, पाणीपट्टी यांचे त्या दिवसाचे पुरावे जपून ठेवावेत.

शेताला जाणाऱ्या वाटेचे प्रकरण मात्र दिवाणी न्यायालयात नेण्याआधी तहसीलदारांकडे जाते, आणि तिथेही दोन वेगळे कायदे आहेत. आधीपासून वहिवाटीची वाट होती आणि कुणी अडवली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अर्ज, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांत. वाटच नव्हती आणि बांधावरून नवी हवी असेल, तर जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३. चुकीच्या कलमाखाली अर्ज केला की तो फेटाळला जाईपर्यंत सहा महिने उलटून गेलेले असतात.

सोलापूर जवळ, पण हद्द वेगळी

नळदुर्गहून सोलापूर पन्नास किलोमीटरच्या आत. दवाखाना, बाजार, लग्नाचा बस्ता सगळे तिकडे. कायद्याची ‘हद्द’ मात्र वेगळी. नळदुर्गचा दावा तुळजापूरला, त्यावर धाराशिव, आणि उच्च न्यायालय म्हणाल तर छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ, अडीचशे किलोमीटरहून लांब. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. त्यात सोलापूर जिल्हा आहे, धाराशिव नाही. वकील सोलापूरचा असायला हरकत नाही, पण प्रकरण तिथल्या न्यायालयात लावता येत नाही.

लोकअदालत आणि फुकटचा वकील

लोकअदालतीची नोटीस आली की घरात घबराट पसरते. बहुतेक वेळा ती बँकेच्या थकबाकीची किंवा वीजबिलाची ‘वादपूर्व’ नोटीस असते. म्हणजे दावा अजून लागलेला नाही, तडजोड करायची का, एवढीच विचारणा असते. तडजोड पटली नाही तर नाही म्हणता येते. पण एकदा तडजोडनाम्यावर सही झाली की तो हुकूमनाम्याइतकाच पक्का आणि त्यावर अपील नाही. सही करण्याआधी हप्ते किती, व्याज किती आणि एक हप्ता चुकला तर काय, हे वाचून घ्यावे. कोर्टात चालू असलेल्या दाव्यात तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

वकील परवडत नाही, हे कारण बहुतेकांच्या बाबतीत कायद्याने दूर केलेले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कामगार, आपत्तीग्रस्त आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे हक्कसोडपत्राविरुद्ध दाद मागणाऱ्या त्या बहिणीला उत्पन्नाचा दाखलाही काढावा लागत नाही. नळदुर्गकरांनी अर्ज तुळजापूर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. घरून विचारायचे असेल तर १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

जाताना मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स न्याव्यात आणि ज्या आदेशाविरुद्ध जायचे त्याची ‘नक्कल’ मागण्याचा अर्ज आदेश झाला त्याच आठवड्यात करावा. नक्कल म्हणजे झेरॉक्स नव्हे, तर कार्यालयाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत. ती तयार व्हायला जितके दिवस लागतात, तितके दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात. अर्जच उशिरा केला तर त्याआधी वाया गेलेले दिवस वगळले जात नाहीत.